लाकूड की रबर? आधी मुठीचा आकार पाहा

१९७१ च्या 'डर्टी हॅरी'त क्लिंट ईस्टवूडच्या हातात दिसलेलं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर लाकडी मुठीचं होतं. आज अमेरिकेत त्याच ताकदीची बरीच रिव्हॉल्व्हरं रबरी मूठ लावूनच कारखान्यातून निघतात. त्यावरून लाकूड दिखाऊ आणि रबर कामाचं, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे.

गैरसमज : रबरी मुठीमुळे धक्का कमी होतो.

वस्तुस्थिती : गोळी आणि वायू ज्या जोराने पुढे जातात, तेवढाच जोर शस्त्राला मागे रेटतो. मूठ कशाचीही असो, त्यात बदल होत नाही. फरक पडतो तो वजनाने. स्मिथ अँड वेसनचं पोलादी 'मॉडेल २९' सव्वा किलोच्या आसपास भरतं. हलक्या मिश्रधातूचं '३२९ पीडी' जेमतेम सातशे ग्रॅम. काडतूस तेच, पण हलकं रिव्हॉल्व्हर सुमारे पावणेदोन पट ऊर्जेने मागे येतं. रबर तोच धक्का किंचित जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतं; वेगाने आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसं.

खरी मेख मुठीच्या पाठीत आहे. तिथून सांगाड्याची पोलादी पट्टी खाली उतरते. रबरी मुठीने ती उघडी ठेवली, तर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यावर शेवटी धातूच आदळतो. झाकली तर आराम नक्की मिळतो, पण मूठ जाड होते आणि चाप लांब जातो. मग लहान हाताचा माणूस बोट पुरवण्यासाठी मूठ तिरकी धरतो आणि सगळा मार अंगठ्याच्या सांध्याला बसतो.

गैरसमज : लाकूड हाताला लागतं.

वस्तुस्थिती : लागतो तो आकार. जुन्या अरुंद मुठींत चापाच्या कडीमागे पोकळी राहते. बार होताच कडी मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटते. जुन्या रुंद 'टार्गेट' मुठी खाली पसरट असतात, त्या पुष्कळांच्या तळव्याला जाचतात. ती पोकळी भरणारी, खाली निमुळती होत जाणारी लाकडी मूठ मात्र हातात छान बसते.

दर बाराला घोडा अंगठ्याने चढवायच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत तर लाकूडच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरपासून चालत आलेली ती वळणदार मूठ बार झाल्यावर हातात वर फिरते आणि घोडा अंगठ्याजवळ येतो. गुळगुळीत लाकूड हे फिरणं होऊ देतं. रबर अडवतं आणि कातडी ओढतं.

ओल्या हातातून लाकूड निसटतं, हे गुळगुळीत मुठीपुरतं खरं. जाळीदार खाचा असतील तर पकड टिकते. उलट रबर कोटाच्या अस्तराला अडकतं.

'३२९ पीडी'सारख्या हलक्या शस्त्राला पाठ झाकणारं रबर घ्या. बाकी ठिकाणी आधी काडतुसं काढून, चक्र रिकामं असल्याची खात्री करून रिव्हॉल्व्हर धरून पाहा. नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत राहून बोट चापावर सहज पोहोचत नसेल, तर ती मूठ कितीही सुंदर असली तरी घेऊ नका.