संगणक रखडतोय? आधी दुखणे ओळखा, मग पेनड्राइव्हचा जोड द्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, जुलैचा शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. खरीप पीकविम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते. कपाशीची खुरपणी अर्ध्यावर टाकून माणूस सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन केंद्रावर येतो. पुढे पंधरा माणसे उभी, आणि संगणकाच्या पडद्यावर नुसते चाक गरगरते आहे.

जाफराबाद तालुक्यातल्या एका गावी मी हे पाहिले. एक म्हातारी मावशी तिसऱ्यांदा आली होती. म्हणाली, "साहेब, तीन दिसांची मजुरी बुडाली, आता तरी मशीन चालंल का?" विमा हुकला तर नुकसान मावशीचे, मशीनचे नव्हे. म्हणून आज हा विषय घेतला.

मशीन का रखडते?

संगणकाची रॅम म्हणजे आपले खळे समजा. चालू काम तिथे होते. हार्डडिस्क म्हणजे गावातला वाडा, तिथे कायमची साठवण. खळे लहान असले की थोडा माल मळायचा, पोते वाड्यात टाकायचे, लागले की परत आणायचे. दिवस मळणीत कमी आणि वाहतुकीत जास्त जातो. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा काटा जागोजाग सरकतो. बारीकसारीक माल दहा ठिकाणी विखुरलेला असला की वेळ जातो तो इथेच.

संग्राम प्रकल्पात ग्रामपंचायतींना संगणक मिळाले. पुढे २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली. कामे वाढत गेली, पण कित्येक ठिकाणी खळे तेवढेच राहिले.

पेनड्राइव्ह काय करतो?

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तिच्यात 'रेडीबूस्ट' नावाची सोय होती. पेनड्राइव्ह म्हणजे खळ्याच्या कडेला उभारलेली कोपी. नेहमी लागणाऱ्या मालाची एक प्रत तिथे ठेवली की वाड्यापर्यंतची खेप वाचते. पेनड्राइव्हमध्ये तबकडी नाही, काटा नाही, त्यामुळे विखुरलेला बारीक माल तो लवकर देतो. मोठा सलग माल मात्र हार्डडिस्कच लवकर देते.

पेनड्राइव्ह मध्येच उपटला गेला तरी माहिती बुडत नाही, कारण मूळ माल वाड्यातच असतो. पेनड्राइव्हवरची प्रत कुलूपबंद सांकेतिक रूपात असते, दुसऱ्याला ती वाचता येत नाही.

करायचे कसे?

१) पेनड्राइव्ह चांगल्या प्रतीचा व रिकामा घ्या. आकार रॅमच्या एक ते अडीच पट पुरे. दोन जीबी रॅम असेल तर चार जीबीचा चालतो.

२) संगणकाला लावा. 'कॉम्प्युटर'मध्ये त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, तिथे 'रेडीबूस्ट' निवडा.

३) किती जागा द्यायची ते ठरवून 'ओके' करा. पेनड्राइव्ह मंद असेल तर संगणक स्वतःच नकार देतो.

४) तो पेनड्राइव्ह त्याच कामाला ठेवा. लोकांचे फोटो, लग्नपत्रिका त्यात आणू नका. गावभर फिरलेला पेनड्राइव्ह व्हायरस घेऊन येतो.

नुसता पेनड्राइव्ह खोचून वेग वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या. संगणकात तबकडीऐवजी एसएसडी असेल, तर रेडीबूस्टचा उपयोग नाही. संगणक चार जीबी रॅमच्या पुढचा असेल, तर फरक क्वचितच कळेल.

मग त्या गावी काय झाले?

मशीन दोन जीबी रॅमचे होते. पेनड्राइव्ह लावल्यावर प्रोग्रॅम उघडायला लागणारा वेळ घटला, टाइप करताना अडकणे कमी झाले. पण विम्याचे पान तेवढ्याच उशिरा उघडत होते. कारण ती अडचण मशीनची नव्हतीच, ती इंटरनेटची आणि पलीकडच्या सर्व्हरवरच्या गर्दीची. तिथे कोपी बांधून काय होणार? रस्ताच चिखलाचा होता. मावशीचा अर्ज भरला गेला तो रात्री साडेनऊला, गर्दी ओसरल्यावर.

म्हणून आधी दुखणे ओळखा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. जो तक्ता उघडेल त्यात 'मेमरी' भरलेली दिसली तर रॅम कमी आहे. 'डिस्क' सतत शंभर टक्क्यांवर असेल तर हार्डडिस्क दमली आहे. दोन्ही निवांत असतील, तर दोष इंटरनेटचा किंवा सर्व्हरचा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती. पेनड्राइव्ह हा हंगाम निभावून नेण्याचा जोड आहे, कायमचा इलाज नव्हे. मासिक सभेत ठराव घेऊन रॅम वाढवा, जमल्यास एसएसडी बसवा. म्हातारे मशीन त्यानेच खरे चालते. सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा, त्याला पैसाही लागत नाही. आणखी एक. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या संगणकावर गावाचे आधार आणि बँक खाते क्रमांक भरले जातात, हे विसरू नका.

आणि शेतकरी बंधूंनो, मशीन कितीही सुधारले तरी शेवटच्या दिवसाची गर्दी तीच राहणार. पेरणी उरकली की त्याच आठवड्यात अर्ज भरून टाका, पावती जपून ठेवा. औत आपण पेरणीच्या आधी दुरुस्त करतो. संगणकाचेही तसेच, जुलै उजाडायच्या आत बघून घ्या.