मोजणे आणि पारखणे
भिलाईची आयआयटी २०१६ची. तेथेही, इतर आयआयटींप्रमाणे, अल्प अनुभवाचा पीएचडीधारक कंत्राटी सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होतो. कायम नेमणूक पुढील मूल्यमापनावर ठरते. तत्त्व रास्तच आहे. प्रश्न मोजपट्टीचा आहे. विद्यापीठांसाठी अनुदान आयोगाने २०१०मध्ये बढतीला गुणांकांची जोड दिली आणि शोधनिबंधांचा बाजार फोफावला. २०१८मध्ये आयोगालाच आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. भिलाईच्या कारखान्यातील रेल्वेचे रूळ टनांत मोजले जातात. स्वीकारले जातात ते मात्र कसोटीला उतरल्यावरच. अध्यापकाचे निबंधही तज्ज्ञांनी मोजू नयेत, वाचावेत. वर्गातील काम पाहावे आणि निर्णयाची कारणे लेखी द्यावीत. कारणांविना दिलेला नकार हा न्याय नव्हे, केवळ अधिकाराचा वापर होय.