जिवाणूंचे कुळ आणि जनुकांची देवघेव

सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यातील महाड-पोलादपूरचा शेतकरी आषाढ-श्रावणात दिवसदिवस चिखलात उभा असतो. हा चिखल, गोठ्यातील जनावरे आणि घराशेतांतील उंदीर यांना माणसाशी जोडणारा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. रोगी प्राण्याच्या मूत्रातून त्याचे जिवाणू पाण्यात उतरतात आणि कातडीवरील जखमेतून, भेगेतून किंवा डोळे-नाक-तोंडाच्या श्लेष्मल त्वचेतून शरीरात शिरतात. जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांनी महाड शहर पाण्याखाली नेले. अशा पुरानंतर या रोगाची धास्ती अधिकच वाढते. या एका जिवाणूच्या निमित्ताने जिवाणूंची नावे कशी ठरतात आणि ती नावे चिकित्सकाला कोठवर साथ देतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वर्गीकरण आपणा वैद्यांस नवीन नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात २० कृमींची विभागणी मलज, शोणितज, श्लेष्मज व पुरीषज अशा चार गटांत केली आहे. कृमी म्हणजेच आजचे जिवाणू, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. गट पाडताना कोणता निकष धरला, एवढाच येथे मुद्दा आहे. तेथे निकष उत्पत्तिस्थानाचा होता. आधुनिक शास्त्राने आरंभी आकार, रंगद्रव्य धारण करण्याची रीत आणि पोषण हे निकष धरले. १९७७ मध्ये कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून जीवसृष्टीची वंशावळ नव्याने मांडली. आता दोन जिवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचातील साम्य सुमारे ९५ टक्क्यांहून अधिक असेल, तर त्यांना सामान्यतः एकाच जातीचे मानतात. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या आश्रयाने २००९ मध्ये सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह उभा राहिला. तेथे सूक्ष्मजीवांची ओळख पटविणे व ते जतन करणे ही कामे चालतात.

आता लेप्टोस्पायराकडे वळू. या जिवाणूला दोन प्रकारची नावे आहेत. पहिले नाव जनुकसंचावरून ठरणाऱ्या जातीचे, उदाहरणार्थ लेप्टोस्पायरा इंटेरोगान्स. वाकलेल्या टोकामुळे तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो, म्हणून हे नाव. दुसरे नाव ‘सेरोव्हार’चे. ते जिवाणूच्या बाह्य आवरणावरील शर्करामय घटकांना कोणती प्रतिद्रव्ये ओळखतात, यावरून ठरते. रोगकारक सेरोव्हारांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली आहे. गंमत अशी, की ही दोन नावे नेहमी जुळत नाहीत. गुरांमध्ये आढळणारा ‘हार्डजो’ हा सेरोव्हार लेप्टोस्पायरा इंटेरोगान्स व लेप्टोस्पायरा बोर्गपीटरसेनी या दोन भिन्न जातींत सापडतो. आवरणाचे घटक घडविणारी जनुके एका जातीतून दुसरीत गेली, हे त्याचे कारण सांगितले जाते. अंगरखा एक आणि कुळ दुसरे, असा हा प्रकार आहे.

ही देवघेव कशी होते? माणसात जनुके आईबापांकडून अपत्याकडे येतात. जिवाणूंत ती शेजाऱ्याकडूनही येतात, आणि त्याचे मुख्य मार्ग तीन. मेलेल्या जिवाणूचा विखुरलेला डीएनए दुसरा उचलतो. या मार्गाची चाहूल १९२८ मध्ये ग्रिफिथ यांना न्यूमोनियाच्या जिवाणूंत लागली. दुसऱ्या मार्गात दोन जिवाणू प्रत्यक्ष जोडले जातात. १९४६ मध्ये लेडरबर्ग व टेटम यांनी तो दाखविला. तिसऱ्या मार्गात जिवाणूंना ग्रासणारा विषाणू एकाची जनुके दुसऱ्यापर्यंत वाहून नेतो. त्याचा शोध १९५२ चा. दुसऱ्या मार्गाने ‘प्लाझ्मिड’ नावाची डीएनएची सुटी कडी सहज हस्तांतरित होते. अनेक औषधांना दाद न देण्याचा गुण तिच्यावर एकत्र असू शकतो.

याचे ठळक उदाहरण भारताशी निगडित आहे. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या तपासणीत २००८ मध्ये स्वीडनमध्ये ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. ते क्लेबसिएला या जिवाणूत होते आणि त्याच रुग्णाच्या मलातील ई. कोलाय जिवाणूतही होते. जाती दोन, पण कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारे शस्त्र एकच. म्हणूनच तपासणीच्या अहवालात केवळ जिवाणूचे नाव पाहून भागत नाही. त्याखालील औषध-संवेदनशीलतेचा तक्ताही तितक्याच काळजीने वाचावा लागतो.

आपल्या परिसराला हे कसे लागू पडते? लेप्टोस्पायरा पेनिसिलिन व डॉक्सिसायक्लिन यांना आजही दाद देतो, ही समाधानाची बाब आहे. परंतु पोटात गेलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी केवळ लेप्टोस्पायरावर काम करीत नाही. आतड्यातील असंख्य जिवाणूंवरही तिचा परिणाम होतो. त्यांतील जे तगतात, ते आपली प्रतिकारक जनुके शेजाऱ्यांना देऊ शकतात. पुरानंतर ही गोळी सरसकट वाटणे म्हणूनच हितावह नाही. आरोग्य यंत्रणेच्या सूचनेनुसार, प्रत्यक्ष दूषित पाण्यात वावरलेल्यांनाच ती मिळावी.

मात्र याचा अर्थ उपचारांस विलंब करावा, असा कोणी घेऊ नये. चिखलात काम केलेल्या रुग्णास तीव्र ज्वर, पोटऱ्यांत असह्य वेदना व नेत्रांत रक्तिमा असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून त्याला त्वरित रुग्णालयात पाठवावे. कामला, मूत्राल्पता किंवा श्वासकष्ट दिसल्यास क्षणही दवडू नये. प्रतिद्रव्यांची तपासणी पहिल्या आठवड्यात नकारार्थी येऊ शकते. तेवढ्यावर विसंबून रोग नाही, असे ठरवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. डॉक्सिसायक्लिन चिठ्ठीविना देऊ नये. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत कार्बापेनेमसह अनेक प्रतिजैविके आहेत. त्यांच्या विक्रीची नोंदवही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ती नोंद केवळ निरीक्षकासाठी ठेवावयाची नसते. आज एका गिऱ्हाइकाला सहज दिलेल्या दोन गोळ्यांमुळे पोसलेले प्रतिकारक जनुक उद्या कोणत्या जिवाणूच्या अंगी दिसेल, हे त्या जिवाणूच्या नावावरून कळणार नाही.