गोठ्याचा लाकडी सांगाडा
कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या अतिपावसाच्या तालुक्यांतील जुन्या शेतकरी घरांत छपराचा भार मातीच्या भिंतींऐवजी लाकडी खांब, त्यांवरील तुळया आणि माथ्यावरचे आढे यांवर पेलला जाई, त्यामुळे एखादी भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राही. दावण, म्हणजे गुरे ओळीने बांधण्याची जागा, पुष्कळदा त्याच छपराखाली असे. गव्हाणीची लाकडी कड माना घासून गुळगुळीत झालेली असे. खांबांवरची घरे आणि पशुपालन यांची सांगड महाराष्ट्रात जुनीच आहे: पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची व दगडाची हत्यारे एकत्र वापरणाऱ्या, शेतकऱ्यांच्या कुडाच्या घरांचे खांबखळगे आणि गुरांची हाडे सापडली. मात्र तेथून थेट कोल्हापूरच्या गोठ्यापर्यंत वंशावळ जोडणे घाईचे ठरेल.