मांजर अंग चाटते, हे विसरू नका

पावसाळा लागला की मांजराच्या अंगावर पिसवा वाढतात. मग माळ्यावरचा जुना डबा खाली येतो. त्यात तीन वर्षांपूर्वीची पावडर असते, अर्धी उरलेली बाटली असते, नाव पुसलेली एखादी नळी असते. ‘पैसे मोजलेत, टाकायचे कशाला?’ असे म्हणून तेच मांजराला लावले जाते. इथेच थांबायला हवे.

पिसवांचे औषध म्हणजे शेवटी कीटकनाशक. मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटत असते. अंगावर पडले ते पोटात गेलेच. शिवाय काही रसायनांचा निचरा करण्यात मांजराचे यकृत कुत्र्याच्या मानाने फार दुबळे असते. पर्मेथ्रिन हे त्यांतले मुख्य. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत ते 45 टक्क्यांहूनही अधिक असते. कुत्र्याला सोसते, मांजराचा जीव घेऊ शकते.

आमच्या गल्लीतल्या एका खालांना कुणीतरी अशीच उरलेली नळी दिली होती. वेष्टन नव्हते. त्यांनी मायेने मांजरीच्या मानेवर थेंब टाकले. रात्री तिची लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, मग झटके आले. सकाळपर्यंत ती राहिली नाही. ‘माझ्याच हातानं झालं, भाईजान,’ एवढेच खाला म्हणत होत्या.

असे काही दिसले तर मांजराला चाटू देऊ नका. झटके नसतील तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने औषध धुऊन काढा. घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचे वेष्टन घेऊन थेट पशुवैद्याकडे जा.

जुन्या घरांतून अजून गॅमेक्झिन पावडर निघते. तिच्यातल्या बीएचसीवर आपल्याकडे 1997 सालीच बंदी आली. ती कशालाच वापरू नये.

मग हे टाकायचे कुठे? मोरीत किंवा संडासात मुळीच नाही. पर्मेथ्रिन माशांना अतिशय घातक आहे. इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा फिप्रोनिल हे पिसवांचे औषध जवळजवळ सगळ्या नमुन्यांत सापडले. घरच्या मांजरा-कुत्र्यांवरचे थेंब नदीपर्यंत पोचतात ते असे.

आपल्याकडे 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली. म्हणून औषध मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा, कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत ‘विषारी’ लिहा. ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. घंटागाडीवाल्याच्या हाती सांगून द्या, नाहीतर पालिकेच्या संकलन केंद्राची चौकशी करा. फवाऱ्याचा डबा जाळू नका, भोकही पाडू नका. रिकामी बाटली धुऊन तेलाला वापरू नका.

कचरा वेचणारी माणसे उघड्या हातांनी काम करतात. ते ‘विषारी’ त्यांच्यासाठीही लिहायचे आहे.

(संपादित नभोवाणी भाषण)