दारातला लालभडक साल्व्हिया

"देवाला चालत नाही, केसांत माळता येत नाही, मग हे फूल लावायचं कशाला?"

साल्व्हियाचा वाफा मी पहिल्यांदा केला, तेव्हा आमच्या सासूबाईंनी विचारलेला हा प्रश्न. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. प्रश्न काही खोटा नाही. पहाटे उठून जास्वंद, तगर, अनंत परडीत खुडायची, हीच आपल्याकडची बाग. तिथं नुसतं बघायला म्हणून झाड लावायचं आणि त्याला रोज दोन तांबे पाणी घालायचं, हे चैनीचंच वाटतं. तरीही लावा, असं मी म्हणेन.

शाळा-कॉलेजांच्या आवारात नाहीतर सरकारी बंगल्यांपुढं थंडीत लालभडक तुऱ्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. तोच हा. मूळचा ब्राझीलचा, पण कूळ तुळशीचं. पुदिना, सब्जा हेही त्याच घराण्यातले. खोड दोन बोटांत धरून फिरवा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर आणि तुरा थेट मंजिरीसारखा. हे दाखवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या तुळशीची परदेशातली जाऊच म्हणायची की ही!" त्या दिवसापासून निदान पाण्यावरून बोलणं थांबलं.

या झाडाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची टिकाऊ शोभा. नळीसारखं फूल दोन-चार दिवसांत गळतं, पण ते ज्या पेल्यात बसलेलं असतं तो पेलाही लालच असतो आणि तो पुढं बरेच दिवस राहतो. म्हणून वाफा ओकाबोका दिसत नाही. नळीच्या तळाशी मध असतो. ब्राझीलमध्ये तो प्यायला हमिंगबर्ड येतात, आपल्या अंगणात शिंजीर येतो. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा, चोच खुपसून या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर त्याची लगबग चाललेली असते. पोळ्या करताना एवढी करमणूक कोण देतं?

आता लावायचं कधी? जूनमध्ये मुळीच नको. पहिल्या पावसाच्या उत्साहात मी तसं केलं होतं. आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस झड लागते आणि बोटभर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. एकही वाचलं नव्हतं. गणपतीच्या सुमाराला, पावसाचा जोर ओसरला की पेरा. मार्गशीर्षाच्या आसपास तुरे दिसू लागतात आणि महाशिवरात्रीपर्यंत सोबत करतात.

पसरट कुंडीत चाळलेली माती, शेणखत आणि वाळू समसमान घ्या. बी वर भुरभुरवून हातानं नुसतं दाबा, मातीखाली गाडू नका, त्याला उजेड लागतो. पाणी झारीनं, तेही हलकं. आठ ते पंधरा दिवसांत उगवतं. चार-सहा पानांवर रोप आलं की वाफ्यात हलवा. बुटक्या जातीला वीतभर अंतर पुरतं, उंच जातीला फूटभर हवं. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा चार बोटं उंच करा. पन्हाळ्याकडची तांबडी माती मिळाली तर तीही मिसळा. कुंडी असेल तर तळाशी फुटक्या कौलाचे तुकडे घाला. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की झाड खूश. पश्चिमेच्या उन्हात लाल साल्व्हिया कोमेजतो. तिथं निळा लावा, तो काटक असतो.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. इथं बायकांचा हात थरथरतो, माझाही थरथरला होता. पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत आणि एकच तुरा घेऊन झाड काठीसारखं उभं राहतं. पांढरी माशी दिसली तर पानांच्या खालून निंबोळी अर्काचं पाणी फवारा.

आता बियांचं. संक्रांतीच्या सुमाराला पहिले तुरे वाळतात. पेला तपकिरी झाला की आत जास्तीत जास्त चार काळसर बिया असतात, आणि त्या पटकन सांडतात. म्हणून तुरा थोडा आधीच कापून कागदाच्या पिशवीत उलटा टांगायचा. (विकतच्या संकरित बियाण्यापासून मात्र पुढच्या वर्षी तसंच झाड येईल याची खात्री नाही.) जानेवारी २०१९ मध्ये हळदीकुंकवाला मी वाण म्हणून या बियांच्या पुड्या वाटल्या. स्टीलच्या वाटीची सवय झालेल्या एक-दोघींनी तोंडं वाकडी केली, ते मी पाहिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं घर रमणमळ्याकडं. पाणी उतरल्यावर परत आलो, तेव्हा अंगणात गुडघाभर गाळ होता आणि फडताळातल्या डब्यात बियांचा बुरसटलेला लगदा. ज्या घरात गहू-तांदूळ फेकून द्यावे लागले, तिथं फुलांच्या बियांसाठी कोण रडणार? पण खरं सांगते, तो डबा उघडल्यावर मला रडू आलं.

गणपती उरकल्यावर राजारामपुरीतल्या एक वहिनी चादरी आणि डाळ-तांदूळ घेऊन आल्या. पिशवीच्या तळाशी माझीच पुडी होती, माझ्याच अक्षरातली. निम्म्या बिया त्यांनी पेरल्या होत्या, निम्म्या मला परत आणल्या. वाण नाकारल्यासारखं होईल म्हणून चिमूटभर बी त्यांच्याकडंच ठेवायला लावलं आणि मग बाकीचं घेतलं. गाळात वाळू मिसळून पायरीशी वाफा केला.

डिसेंबरात भिंतींवर अजून कमरेइतकी ओल होती, रंग लावायला पैसे नव्हते, आणि पायरीशी लाल तुरे उभे होते. सासूबाईंनी आपली खुर्ची आतून उचलून दारात, त्या वाफ्याच्या समोर ठेवायला सांगितली. कशाला, ते काही त्या बोलल्या नाहीत.

तेव्हापासून बियांच्या मी तीन पुड्या करते. एक माळ्यावर, एक राजारामपुरीत आणि एक वाणाला. पुडीवर रंग आणि साल लिहा, नाहीतर पुढच्या गणपतीत निळा कुठला आणि लाल कुठला ते ओळखता येत नाही.