डेंग्यूत नुसत्या प्लेटलेट मोजत बसू नका

पाऊस ओसरू लागला की डेंग्यूच्या प्रत्येक पेशंटच्या खाटेभोवती एकच प्रश्न असतो: ‘आज किती आल्या?’ आकडा चाळीस हजारांवर आला की नातेवाईक रक्तपेढ्या पालथ्या घालतात, व्हॉट्सॲपवर ‘तातडीने एसडीपी हवे’, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट हव्यात, असे निरोप फिरतात. प्लेटलेट उतरल्या की माणूस गेला आणि चढवल्या की वाचला, हा समज कितीदा खोडला तरी जात नाही.

डेंग्यू जिवावर बेततो तो मुख्यतः दुसऱ्याच कारणाने. केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. आणि हे घडतं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हा. म्हणून रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, तोही आकडा बघा. तो चढतोय, पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, पेशंट मलूल किंवा बेचैन आहे, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेट ऐंशी हजार असल्या तरी रुग्णालय गाठा. तिथे जीव वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या सलाइनने.

पण प्लेटलेट चढवल्या तर बिघडतं काय? सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. सगळ्यांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली होत्या, मोठा रक्तस्राव कुणालाच नव्हता. प्लेटलेट चढवलेल्यांपैकी २१ टक्क्यांना पुढे रक्तस्राव झाला, न चढवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. दुष्परिणाम मात्र चढवलेल्यांतच जास्त आढळले. रक्तस्राव होत असेल किंवा आकडा दहा हजारांच्याही खाली गेला असेल, तर डॉक्टर तो निर्णय घेतील; तुम्ही हट्ट धरू नका. प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, आणि केमोथेरपी चालू असलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाचा जीव तिच्यावर अवलंबून असू शकतो.

पपईच्या पानांचा रस? काही छोट्या अभ्यासांत आकडा थोडा लवकर वाढलेला दिसला, पण त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात हे सिद्ध झालेलं नाही. बरं होताना प्लेटलेट आपोआप वाढतात आणि श्रेय पपईला, किवीला, बकरीच्या दुधाला मिळतं. उलट्या होणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजणं तर थांबवाच.

अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत.

आणखी एक गैरसमज: प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात.

प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असंही नाही. मलेरिया, लेप्टो, यकृताच्या आजारात वाढलेली प्लीहा, बी-१२ची कमतरता, काही औषधं, आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार), गर्भारपण, अशी कितीतरी कारणं असतात.

आणि धडधाकट माणसाचा आकडा अचानक फार कमी आला, तर आधी तपासणी पुन्हा करा. नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राच्या मोजणीतून निसटतात. काचपट्टीवर त्या गुठळ्या दिसतात; सायट्रेटच्या नळीत रक्त घेतलं की बहुतेकदा खरा आकडा मिळतो.